कच्चे न्यूट्रॉन

शाळा दोन होत्या, प्रयोगशाळा एकच.
मंगळवारी मराठी, बुधवारी कन्नड,
कपाटाची किल्ली कायम निंगाप्पाच्या करदोड्याला.

कपाटात कार्बन.
सहा प्रोटॉन: खानापूरच्या भट्टीतल्या लाल गोळ्या.
सहा न्यूट्रॉन: त्याच मातीच्या, पण कच्च्या, करड्या.
आणि तारेच्या दोन कड्यांवर डिंकाने चिकटवलेली नाचणी,
दोन दाणे आत,
चार बाहेर.

हलगेकर बाई म्हणायच्या, हे माप खोटं आहे.
केंद्रक लिंबाएवढं धरा,
मग नाचणी रेल्वे फाटकापलीकडे कुठंतरी.
आणि मधे?
मधे काही नाही.
आम्ही खिडकीतून बघितलं:
कौलांचे ढीग, म्हशी, कुणाची तरी सायकल पंक्चर,
इतकं गजबजलेलं काही नाही.

गंगव्वा बुधवारची, माझ्या शेजारची.
"तुमचा अणू म्हणजे आमचा परमाणू,
आमचा अणु म्हणजे तुमचा रेणू," ती म्हणाली
आणि माझी वही परत दिली.
शब्द तोच, भिंत ओलांडताना
एक माप घसरलेला.
नळावर तिच्या घागरीत नीरिन अणु,
माझ्या घागरीत पाण्याचा रेणू,
नळ एकच, तोही दिवसाआड.

तपासणीच्या आदल्या दिवशी
निंगाप्पाने धूळ बसली म्हणून
अख्खा कार्बन बादलीत बुचकळला.
न्यूट्रॉन विरघळले.
बादलीत गढूळ पाणी, तळाशी सहा लाल गोळ्या
एकमेकींवर टकटक आपटत.
बाई आधी ओरडल्या, मग खुर्चीत बसून म्हणाल्या,
"बघा. सगळेच धन.
मधे बिनभाराचं कुणी नसलं की एकत्र नांदत नाहीत."
हिरेमठ मॅडमनी दुसऱ्या दिवशी तेच कन्नडमध्ये सांगितलं,
गंगव्वा म्हणते, जरा जास्त वेळ.

आम्ही दोघी भरमाण्णाच्या चाकाशी गेलो.
"काय हुडकूलालाय गं पोरींनो?"
"न्यूट्रॉन."
दोघींच्या तोंडून एकदम आलं,
तो शब्द कुणालाच बदलावा लागला नाही.
"किती?"
"सहा."
"भाजून देतो की, परत विरघळणार नाहीत."
"नको," गंगव्वा म्हणाली, "लाल होतील."

नाचणीचा एक दाणा मात्र सापडला नाही.
मुंग्यांनी नेला असेल.
बाईंनी वहीत लिहायला सांगितलं:
इलेक्ट्रॉन नेमका कुठे आहे
ते सांगता येत नाही.
दोन गुणांना तेवढं पुरतं.