पाचवा रकाना

वहीत चार रकाने आखले होते मी:
पाणी, हवा, झाडं, कचरा.
इचलकरंजीत अठ्ठावीस वर्षं काढली,
कानात माग अजून चालूच आहेत,
सुट्टीदिवशीही, वीज गेल्यावरही.
मागच्या गटारीचा रंग बघून शैलजा सांगायची
आज कुठलं लुगडं रंगतंय,
कधी जांभळं, कधी चटणीसारखं लाल.
हसायचो दोघं. मग हसणं कमी झालं.

मलकापूरचं धुकं आवडलं, घराचं भाडं नाही.
राधानगरीत एकानं विचारलं, "रिसॉर्ट काढणार?"
गारगोटीत खोली मिळाली, पण खिडकीसमोर खडीचा क्रशर.
पन्हाळ्यावर तर आमच्यासारखेच
आधी येऊन बसलेले, तारेची कुंपणं घालून.

आजऱ्याला उतरलो तेव्हा दुपार कलली होती.
स्टँडवरच्या बाकड्यावर कुणी डबा उघडला
आणि घनसाळचा वास निघाला.
शैलजानं हवेच्या रकान्यात लिहूनच टाकलं: पास.
म्हटलं, अगं, हा भात आहे.
म्हणाली, मग?

घर दोन खोल्यांचं, मंगलोरी कौलांचं.
मालकीण मार्था बारदेसकर,
बोटं काजूच्या चिकानं काळी,
दारात बसून बोलता बोलता बिया फोडत होती.
"कचऱ्याची गाडी किती वाजता येते?"
"टाकायला काय असतंय तुमच्याकडं?"
तिला खरंच कळत नव्हतं.
मी सांगू लागलो. दुधाच्या पिशव्या,
कुरिअरचे खोके, थर्माकोल, बाटल्या...
खोक्यांपाशीच तिचा हात थांबला.

परड्यात विहीर, पाच घरांत एक.
दोराला तीन गाठी.
पहिली दिवाळीला पाण्याला टेकते, दुसरी शिमग्याला,
तिसरी चैत्र सरता सरता.
"चौथी मारायची पाळी आली न्हाई अजून," ती म्हणाली.
मग माझ्या वहीकडं बघून,
"तुम्ही बोअर मारणार काय?"

पाण्याच्या रकान्यात सकाळीच लिहिलं होतं,
बोअरला जागा आहे, दोनशे फूट.
मी वही मिटली.
शैलजानं पोहरा सोडला,
ओढला, ओंजळीनं प्याली, काही बोलली नाही.

"गेल्या साली हत्ती आला," मार्था म्हणाली,
"केळीचा सगळा बाग खाऊन गेला.
त्यानं इचारलं नव्हतं.
तुम्ही निदान इचारायलाईसा."
आणि खो खो हसली,
आम्हाला कळेना आम्ही हसावं की नाही.

परतीच्या एसटीत खिडकीतून
झाडांवरचे पांढरे आकडे दिसत होते.
शैलजा मोठ्यानं वाचत होती,
शहाऐंशी, सत्त्याऐंशी, एकोणनव्वद.
अठ्ठ्याऐंशीच्या जागी ओला बुंधा,
त्यावर एक पोरगा पेरू घेऊन बसलेला.
"रस्ता मोठा झाला की लवकर पोचशिला,"
कंडक्टर कौतुकानं म्हणाला.

मी पाचवा रकाना आखला: आम्ही.
गाडी उधळत होती, रेघ वाकडी गेली.
"वॉशिंग मशीन वहिनींना देऊ," शैलजा म्हणाली.
बघू, म्हटलं.
"आणि बोअरवर काट मार आधी."
मारली.
गडहिंग्लज मागं पडल्यावर पुन्हा तिनं कोपर मारलं,
"दोर आपला न्यायचा की त्यांचाच वापरायचा,
विचारलंस का?"