थेंब घातल्यावर

"मान मागे. वर बघा. जळजळेल थोडं."
तबस्सुम नावाच्या मुलीनं तीनदा थेंब घातले,
हातात कापूस दिला :
मिटून बसा, वीस मिनिटं.

बाकावर आम्ही सगळ्या मिटलेल्या.
कुणाचा चौथा, कुणाचा आठवा.
शेजारची धायरीहून आलेली, म्हणाली,
साखर रक्तात, बाळ पोटात,
आणि तपासायचे डोळे? हे कुठलं गणित?
मी म्हटलं, माझी साखर
बाळाहून सात वर्षांनी मोठी आहे.
ती हसली असावी. बाक हलला.

डोहाळे विचारू नका.
स्वप्नात सीताफळाची रबडी येते
आणि स्वप्नातही मी आधी बोट टोचून घेते.

मग अंधारी खोली.
हनुवटी इथं, कपाळ टेकवा, हलू नका.
पोट टेबलाला अडतं
आणि नेमकी तेव्हाच आतून लाथ.

स्क्रीनवर माझा पडदा :
केशरी, गोल, लाल फाटे फुटलेला,
स्वारगेटहून सुटणारे सगळे रूट जसे.
बालगुडे मॅडमनी पेन टेकवलं.
"हे दोन ठिपके. गेल्या वेळी नव्हते."
बाळामुळे?
त्या थांबल्या.
"बाळ काही करत नाही हो. या दिवसांत शरीरच घाईत असतं.
आत्ता काही नको. अठ्ठाविसाव्या आठवड्यात यायचं.
आणि बाळंतपणानंतरही."
मग फाइलकडे बघत, हळू :
"नंतर कुणीच येत नाही."

बाहेर मंगळवार पेठेत ऊन नव्हे, चुना.
अकरा वर्षं या शहराची तिकिटं फाडली मी,
आणि आज बसच्या कपाळावर
नुसता पिवळा लोळ.
एका पोराला विचारलं, कुठली आली रे?
"कात्रज. समोर लिहिलंय की, काकू."

गाडीवर नेमकी कांचन.
"अगं, डोळ्यांत नुसत्या बाहुल्याच!"
घरी सासूबाईंनी काजळाची डबी आणून ठेवलीय,
दृष्ट लागू नये म्हणून.
मला एवढंच हवंय,
ती तीट गालावर नेमकी कुठं लावली
ते मला दिसावं.

कार्ड पुढे केलं. वाच गं, तारीख काय दिलीय?
"तेरा. मंगळवार."
मंगळवारी माझी डेपोत ड्युटी.
"मी बसेन तुझ्या जागी," ती म्हणाली,
कार्ड माझ्या पर्समध्ये खोचलं
आणि डबल बेल मारली.