मागील पानावरून पुढे

भांडुपचं केंद्र, बुधवार, लिहिण्याचा तास.
फिलोमिनाबाईंनी एक फोटो हातोहात फिरवला:
रानरेड्याच्या कातड्यावर चित्रं,
मधोमध सुरू होऊन गोल गोल बाहेर जाणारी.
लाकोटा लोक, त्या म्हणाल्या.
सू हे नाव परक्यांनी ठेवलेलं.

एका वर्षाला एकच चित्र,
पहिल्या बर्फापासून पुढच्या बर्फापर्यंत.
देवी आल्या ते वर्ष: अंगभर ठिपक्यांचा माणूस.
तारे गळाले ते वर्ष.
म्हातारे जमायचे, ठरवायचे
हे वर्ष कशाने लक्षात ठेवायचं,
आणि एकजण काढायचा.

मग त्यांना राखीव जमिनीत कोंडलं.
शिकार संपली, रेशनची तिकिटं आली,
पोरांना लांब नेऊन केस कापणारी शाळा आली.
कातडं मिळेना
तेव्हा हिशेबाच्या वह्यांत काढू लागले.

दुसरा फोटो माझ्यापाशी येऊन अडकला.

खतावणी होती ती.
मसजिद बंदरच्या पेढीवर एकवीस वर्षं
मी ज्या लाल उभ्या रेघांत राहिलो, त्याच.
कुणाचं तरी पीठ, कुणाचे खिळे, नावे, जमा,
आणि त्या सगळ्यावरून
कुणालाही न विचारता
एक निळा घोडा सुटलेला.

"बाई, आपल्याकडे बर्फ कुठाय?
वर्ष मोजायचं कशावरून?" कुणीतरी म्हणालं.
मी म्हणालो, एकतीस मार्च.
सगळे हसले. मी विनोद केला नव्हता.

पेढीवरून काढलं त्या दिवशी
उचलून आणलेली कोरी वही होती माझ्याकडे.
पहिलं वाक्य झोकात उतरलं:
आम्हीही त्या लाकोटांसारखेच, सर्वस्व हिरावलेले.
मोठ्याने वाचलं. बरं वाटलं.

सुक्या वरठा, आरेच्या पाड्यावरचा,
तीन आठवडे ज्याचा आवाज कुणी ऐकला नव्हता,
म्हणाला, "तुमची कुठली जमीन गेली, कवळेकर?"

त्याच्या पानावर एकच झाड होतं,
बुंध्यावर रंगवलेला नंबर.

मी ते वाक्य खोडलं.
एका रेघेत, शेजारी सही करून.
खाडाखोड कशी करायची ते मला येतं.

मग वर्षं मांडली.
नोकरी लागली ते. हेमांगी झाली ते.
गोदामातल्या हमालांबरोबर पहिल्यांदा बसलो ते.
त्यानंतर अकरा ओळी कोऱ्या.
काही म्हणजे काही आठवेना.
कोऱ्या जागेवर तिरकी रेघ मारायची असते,
मागाहून कुणी काही घुसडू नये म्हणून.
पट्टी ठेवलीसुद्धा.
"राहू द्या," बाई म्हणाल्या,
"म्हातारे जमायचे, विसरलात?"

रविवारी हेमांगी आली.
चपला न काढता दाराशीच उभी.
वही पुढे केली. म्हटलं, इथे म्हातारं कोणी नाही,
तूच आहेस.
तिने पर्समधलं पेन काढलं,
भिंतीला वही टेकवून उभ्याउभ्याच लिहिलं:
माझी सायकल विकली ते वर्ष.
त्याखाली: आई माहेरी जाऊन परत आली ते वर्ष.
तिसऱ्या ओळीवर पेन ठेवलं,
उचललं.
"बाकीची नंतर," म्हणाली,
आणि जिना उतरून गेली.

नऊ ओळी अजून तिच्याकडे येणं आहेत.
की माझ्याकडून?
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
मला नोंद कुठल्या बाजूला करायची ते कळेना.

रात्री सायकल काढायला बसलो.
मागचं चाक नावेमध्ये, पुढचं जमेत,
मधली लाल रेघ दांडीतून आरपार.
चाकं काही गोल होईनात.
बारा वर्षांच्या मुलीचा पाय जमिनीला टेकेल
इतकी उंच सीट, ही उंची मात्र हाताला ठाऊक होती.
ती कुठून आठवली कोण जाणे.

सुक्या उठून मागे येऊन उभा राहिला.
बराच वेळ बघत होता.
"पायडल नाय काढलंत," म्हणाला.