तारीख

राउटर आधी टीव्हीपाशी होता,
मग फ्रिजवर. आता माळ्यावर,
लोणच्याच्या रिकाम्या बरणीशेजारी.
तिथूनच सिडकोतल्या आमच्या तिन्ही खोल्यांना
रेंज पुरते, असं कौमुदीचं म्हणणं.

तिचा लॅपटॉप लगेच जोडला गेला. प्रणीलचाही.
माझा, द्राक्षवाल्यांच्या बिलांचा,
दोनदा रुसून तिसऱ्यांदा आला.

उरला ह्यांचा डेस्कटॉप,
अंबडची कंपनी बंद पडली तेव्हा
शेवटच्या दोन पगारांऐवजी मिळालेला.
त्याला हवेतलं काही ऐकूच येत नाही.
शालिमारहून साडेतीनशेचा डोंगल आणला,
मागे खोचला, वाकून, मोबाइलच्या उजेडात.

त्याच्या घड्याळात अजून २००९चा जानेवारी.
आतला सेल कधीचाच संपलाय,
सुरू केला की तो तिथेच जाऊन बसतो.
"राहू दे की," हे म्हणाले,
"तेव्हा माझी सेकंड शिफ्ट होती."

हिरवा दिवा लुकलुकला
आणि कुणी हात न लावता
कोपऱ्यातले आकडे पळाले:
आजचा वार, संध्याकाळचे सात चाळीस.

कौमुदी विचारत होती,
"आई, यादीत ह्याला नाव काय देऊ?"
हे दूध बघायला उठले होते.
गॅसवर दूध नव्हतं.