हद्दीचा दगड

कागदावर एवढंच लिहिलेलं होतं:
सहा माणसं, तीन दिवस. बूट जुने घाला.
फोन लागणार नाही.
जेवण मिळेल, आवडेलच असं नाही.
खाली सही: कासीमखाँ, निवृत्त भूकरमापक, किनवट.

मी परभणीच्या दवाखान्यात रक्त तपासते.
बावीस वर्षं काचपट्टीवर वाकून
लोकांच्या आतले मुलूख पाहिले.
पैसे भरले, घरी सांगितलं, ट्रेनिंग आहे.

मुदखेड सुटल्यावर एकेकाची ओळख झाली.
दातांचे डॉक्टर चुडावेकर मोबाईलात नकाशा उघडून बसलेले.
पंजाब वाकळे, चौतीस वर्षं एसटीत कंडक्टर,
म्हणाले, आज पहिल्यांदा
माझं तिकीट दुसऱ्यानं काढलं.

किनवटला कासीमखाँ उभे होते,
वाळलेल्या धावड्यासारखे सडपातळ.
खांद्यावर मोजणीची साखळी, सोळा आण्यांची,
आता कुठल्याच कचेरीत चालत नाही.
ही कशाला, चाचा?
सवय हाय. मोकळा खांदा दुखतो.
पहले पानी पिऊन घेव, बोलणं नंतर.

पैनगंगेच्या अंगानं चाललो.
अलीकडे निजामाचा मुलूख होता, पलीकडे वऱ्हाड.
मधे हद्दीचे दगड, नंबर टाकलेले.
आम्ही शोधत होतो एकशे सत्तावीस.
सागाची पानं पायाखाली पापडासारखी मोडत होती,
पळस एवढा पेटलेला
की चुडावेकरांनी नकाशा खिशात घातला.

मोहाची फुलं वेचणारी एक कोलामाची पोरगी
टोपली न उचलता विचारती झाली,
कुठले तुम्ही?
परभणी, नांदेड, हिंगोली, आम्ही सांगत गेलो.
तिनं मान हलवली:
लई लांब ऱ्हाता.

दुसऱ्या रात्री, पोडाबाहेर,
भाकरीचा शेवटचा तुकडा वाटीत फिरवत
कासीमखाँ बोलले.
अठ्ठ्याहत्तर साल. मला ताप चढलेला, हुडहुडी.
साहेब जीपमधी, इंजन चालूच.
म्या वहीत लिहिलं: दगड आढळला.
आढळला नव्हता.
जाळात एक ओली काटकी सूं सूं करत राहिली.
तेव्हापासून दर साली सहा माणसं आणतो.
बारा डोळे.

तिसऱ्या दिवशी, करवंदीच्या जाळीत,
दगड मलाच दिसला.
चौकोनी. एक बाजू घडवल्यासारखी.
ते गुडघ्यावर बसले, शेवाळ नखानं काढलं,
डोळे मिटून बोटं फिरवत राहिले,
पोट तपासताना डॉक्टर फिरवतात तशी.
आम्हां सगळ्यांना वाटत होतं, असावा.
पंजाबराव म्हणालेसुद्धा,
लिहून टाका ना चाचा, कोण बघतंय इथं?

कासीमखाँ हसले. दोन दात नव्हते.
नक्को, म्हणाले. ये वो नहीं.
साखळी खांद्यावर घेतली
आणि आमच्या पुढं चालू लागले,
आले होते त्याच चालीनं.

सोमवारी पट्टीवर एक रक्त आलं,
उमरीकडचा मजूर, चार दिवसांचा ताप.
छापील कागदावर रकाना होता: मलेरियाचे जंतू.
आढळले नाहीत, हा शब्द माझा हात
झोपेतही लिहितो.
पेन खाली ठेवलं. पट्टी पुन्हा सरकवली,
एका कडेपासून, बांधाबांधानं.

मॅडम, लवकर करा की, रांगेतून कुणीतरी म्हणालं.
म्हटलं, बसा.
माठ भरलाय तिकडं. पाणी पिऊन घ्या.