बेन्दिसिओन

लीमातल्या खानावळीत शेवटचं पातेलं पालथं घालून
विल्मर नंबर लावतो कारोराचा.
चौदा महिने बोलणं नाही.
बापाची मोटरसायकल न विचारता विकून
त्याने बसचं तिकीट काढलं होतं.

काय बोलायचं ते घोकून ठेवलेलं.
माफी, हप्ते, थोडा रागही.

पलीकडे खोकला.

आणि तोंडातून निघतं काय, तर
शाळेला पळताना, दिवा मालवताना,
अर्धा शब्द गिळून मागितलेला
तोच आशीर्वाद –
'सिओन, पापा.'

खरखर. कुणीतरी टीव्ही बारीक करतं.
एलेउतेरिओचा राग उतरलेला नाही,
श्वासावरून कळतं.
पण मागितल्यावर हे
अडवून धरता येत नाही.

'देव तुझं भलं करो,' तो म्हणतो.
आणि त्याच दमात,
'गाडीचे किती आले?'