तुडुमाची किल्ली

यादोराव कापगते अध्यक्ष होते तेव्हा
तलावाच्या तुडुमाला कुलूप नव्हतं.
नऊ वर्षं.
लाकडी खुंटी मी काढायचो, मीच ठोकायचो,
रात्री कुणी ना कुणी ती पुन्हा काढायचं.
सकाळी तक्रार घेऊन गेलो की
ते खाट सावलीत सरकवायचे. आधी चहा.
मग म्हणायचे, "असंल बाप्पा त्याची नड.
नड नसती त मानूस रातचा पान्यात उतरते का जी?"

खरं सांगतो, त्या खाटेवर बसलं की
मलाही तसंच वाटायचं.

पारेखाली ज्यांच्या बांध्या, त्यांच्यात गुडघाभर पाणी, बगळे.
आणि नहराच्या शेवटाला, डोहटोलीच्या चाळीस एकरांत
धान पोटरीवर यायचा
नि तसाच उभ्याने वाळायचा.
टोलीतले लोक यादोरावांना शिव्या देत नव्हते.
देववत नव्हत्या.
त्यांच्या पोरींच्या लग्नांत हाच माणूस
पहिल्या पंगतीपासून वाढायला उभा,
घामाने निथळत,
शेवटी तळाचं वरण पिऊन घरी जाणारा.

मग पारबता हातझाडे आली.
तिच्या दारात मला अजून कुणी बस म्हटलेलं नाही.
तिने लोखंडी गेट बसवलं,
साकोलीहून कुलूप आणलं, वही घातली:
नाव, एकर, तास.
म्हणाली, "शेवटून सुरू कर. आधी टोली, मंग पारेखालचे.
कोनी रडलं त माह्याकडे पाठव."
मी पाठवले. कुणी दुसऱ्यांदा गेलं नाही.
सख्ख्या दिराला पाचशे दंड लावला,
पावती फाडली ती त्याच्याच नातवाच्या बारशात,
पाळण्याशेजारी उभी राहून.

ज्या साली दसऱ्याआधीच पाऊस निघून गेला,
कौतिका वलथरे आपल्या पारीच्या दिवशी
भंडाऱ्याच्या दवाखान्यात होती, नातवाच्या उशाशी.
परत आली तर वहीत तिच्या नावावर रेघ.
अर्धा एकर. दोन तासांचं काम.
मी विचारलं, देऊ का?
पारबताने वही माझ्याकडे फिरवली.
"कोनाचे दोन तास काटू? बोट ठेव."
मी खाली वर पाहिलं सगळी नावं.
बोट ठेवलं नाही.
किल्ली तर माझ्याच हातात होती.

त्या रात्री पारेवरून दिसलं,
यादोराव, सत्तरीचे, धोतर खोचून,
दोन बादल्यांनी नहरातलं पाणी
कौतिकाच्या बांधीत ओतताहेत.
अर्धा एकर. बादलीने.
वहीत लिहायची चोरी होती ती.
मी टॉर्च विझवली.
बांधी पाचव्या दिवशी तडकलीच.

डोहटोलीत त्या साली कापणी झाली, दहा वर्षांत पहिल्यांदा.
खळ्यावर धिंगाणा घालणारी पोरं
पारबताला पाहून गप्प झाली.
ती पोती मोजून निघून गेली.
कौतिका तिथेच कापायला होती, मजुरीने.

तिला आज विचारा त्या सालाबद्दल,
चाळीस एकरांचं ती बोलत नाही.
"बादलीनं," म्हणते, तोंडाला पदर लावून हसते,
"बादलीनं जी!"
आणि यंदाच्या सभेत, हात वर करायची वेळ आली तेव्हा
यादोराव समोरच बसले होते,
तिने पारबतासाठी हात वर केला.
कोपर सरळ. लगेच.

यादोरावांनी पाहिलं.
मग त्यांनीही केला.

गावाला जाताना मी घराची किल्ली
यादोरावांकडे ठेवतो.
कुठे ठेवली ते ते विसरतात,
परतल्यावर आम्ही दोघं मिळून शोधतो,
कणगीमागे, देवाच्या फळीवर, गाईच्या गव्हाणीत.
तुडुमाची माझ्या करदोट्याला.
कुशीवर वळलो की टोचते.